पापडीच्या लग्नातला धूर

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने आपण का निघालो ते प्रथम सांगावे, हे वाचकाच्या दृष्टीने न्याय्य आहे. मी वसईला का गेलो याचे सभ्य उत्तर असे, की एका परिचिताच्या लग्नाचा दहावा वाढदिवस होता. खरे उत्तर असे, की दहा वर्षांपूर्वी त्याच लग्नात मी आमच्या संशोधनसंस्थेचा बर्फ धूर काढण्यासाठी उधळला, त्यामुळे एका प्रथिनाचा आकार आहे त्याच्या चौपट ठरला, आणि त्याचा दोष एका हुशार मुलीच्या हातांवर गेला तेव्हा मी समितीच्या टेबलाशी बसून चहा पीत होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नव्हते. पत्नीलाही नाही, ती मला अजून काटेकोर समजते.

बर्फाचा आणि प्रथिनाचा संबंध आधी सांगून टाकतो. तो कळला नाही, तर वाचकाच्या लक्षात पुढचे जेवणखाणच तेवढे राहील.

पेशीभोवती जो पातळ पडदा असतो, त्यात काही प्रथिने बसलेली असतात. साखर, क्षार असले पदार्थ आत-बाहेर नेणे हे त्यांचे काम. म्हणून त्यांना वाहक प्रथिने म्हणतात. पडद्यातून बाहेर ओढली की ती बिघडतात, त्यामुळे त्यांना सरळ मोजता येत नाही. तेव्हा एक उफराटा मार्ग निघाला. त्यांच्यावर प्रारणांचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांसारख्या वेगवान कणांचा, मारा करायचा आणि ती किती झपाट्याने निकामी होतात ते पाहायचे. अंगणात मडकी आणि पणत्या मांडून ठेवाव्यात आणि गारांचा पाऊस यावा, तसे हे आहे. मडके मोठे, म्हणून त्याला गार लवकर लागते. पणती बराच वेळ वाचते. एक गार लागली की अख्खे मडके गेले. किती माऱ्यात किती फुटली हे कळले, की न पाहताही फुटणाऱ्या वस्तूचा आकार सांगता येतो. जो मोठा तो लवकर फुटतो, हा नियम आमच्या संस्थेतही लागू पडताना मला दिसे. संचालक एखाद्या किरकोळ शंकेनेही घायाळ होत. शिपायांवर दिवसभर काहीही आदळले तरी ते शाबूत असत.

अट एकच असते. नमुने कडक गोठलेले हवेत. गोठलेल्या नमुन्यात फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या जागच्या जागी राहतात. नमुना वितळलेला असेल तर त्या उडतात, आणि ज्यांना गार लागलेलीच नाही अशी शेजारची मडकीही फोडतात. मोजणाऱ्याला मात्र वाटते, एवढी फुटली त्या अर्थी मडकी भलतीच मोठी असणार. म्हणून नमुन्यांभोवती कोरडा बर्फ भरतात. तो पाण्याचा नसतो, गोठवलेल्या वायूचा असतो. वितळून पाणी न होता हवेत उडून जातो. गरम पाण्यात टाकला तर त्याचा पांढरा धूर फार देखणा दिसतो. माझ्या आयुष्यातील एवढे एक सौंदर्य टळले असते तर बरे झाले असते.

शुक्रवार, वालीव

बस्त्याव परेरा हा वालीवच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारे यंत्र चालवतो. विजेच्या केबलींचे आवरण त्या झोताखालून नेले की चिवट होते, हा तिथला धंदा. त्याची धाकटी बहीण फिलोमिना त्या काळी पुण्याला आमच्या संस्थेत माझ्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट करीत होती. तिच्याच शब्दामुळे केबलींची पाळी संपल्यावर ते यंत्र आम्हांला वापरायला मिळे. नाताळच्या सुमारास या बस्त्यावचा फोन आला.

“सर, जानेवारीत लग्नाला दहा वर्षं होतात. तुम्ही पाहिजेच. आनि येताना तो धुराचा बर्फ आना.”

“मी आणू?”

“मग कोन आननार? लग्नाच्या कॅसेटमध्ये लोक नवरीच्या आधी तुम्हालाच बघतात. आमची पोरं तुम्हाला धूरवाले काका म्हनतात.” मग त्याचा आवाज जरा खाली आला. “आनखी एक काम हाय, सर. विरारच्या नव्या कॉलेजानं फिलूला लॅब सांभाळायला बोलावलंय. चांगली पोस्ट हाय. ती नाय म्हनते. सोमवारी उत्तर द्यायचंय. कोनाचंच ऐकत नाय ती. तुमचं ऐकेल.”

मी “पाहू” म्हणालो. हा शब्द मी आयुष्यात फार वापरला आहे.

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे एवढेच, की थर्माकोलच्या पेटीतून पांढरे काही निघताना पाहून एसटीच्या कंडक्टरने ती उघडायला लावली. आत बर्फ आहे आणि तो कोरडा आहे, असे मी सांगितले. “साहेब, बर्फ कोरडा, मग पाऊस पण कोरडाच का तुमच्याकडं?” एवढे विचारून त्याने पेटीचेही तिकीट फाडले. शास्त्रज्ञ आहे हे मी सांगितले नाही. त्यामुळे पेटीविषयीचा संशय वाढला असता.

वालीवच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना लहान लहान कारखान्यांची शटरे आहेत. कोणी स्क्रू करतो, कोणी खेळण्यांची चाके, कोणी फक्त दुसऱ्याच्या वस्तूंना खोकी पुरवतो. सगळ्यांत मोठा आवाज जिथून येत होता तिथे पत्र्याचे डबे होत होते. बस्त्यावच्या कारखान्यात मात्र एकदम शांतता. जाड भिंतीआड यंत्र, आणि बाहेर खिडकीशी केबलीचे काळे वेटोळे मुकाट्याने आत जाऊन मुकाट्याने बाहेर येत होते. मालकांच्या खोलीत देवाच्या तसबिरीशेजारी आमच्या शोधनिबंधाचे पहिले पान चौकटीत घालून लावले होते. पलीकडे केबलीच्या दर्जाचे प्रमाणपत्र होते. मालक गिऱ्हाइकांना दोन्ही दाखवतात. प्रमाणपत्र खरे आहे.

“ती नाही का म्हणते?” मी बस्त्यावला विचारले.

“म्हनते, माझ्या हाताला लॅब लाभत नाय. शाळेत पन फळ्यावरच शिकवते. प्रयोगाच्या कपाटाची चावी दुसऱ्या टीचरकडे देऊन ठेवलीय.” तो हसला, पण ते हसू टिकले नाही. “सर, तुमच्याकडे असताना तिच्या हातून काय एवढं बिघडलं होतं हो?”

मी खिडकीतून केबलीकडे पाहत राहिलो. बिघडले ते असे.

त्या वेळीही मी अशीच पेटी घेऊन आलो होतो. तिच्यात बर्फाबरोबर काचेच्या कुप्या होत्या. फिलोमिनाने खाटकाकडून शेळीची ताजी आतडी आणून, त्यांच्या अस्तरापासून साखर वाहणाऱ्या प्रथिनाचे नमुने कित्येक आठवडे खपून तयार केले होते. पेटी मात्र मी आणली, कारण पेटी नेणे हे ज्येष्ठाचे काम, असे त्या ज्येष्ठानेच ठरवले होते. यंत्र सोमवारी मिळायचे होते. रविवारी बस्त्यावचे लग्न. आदल्या संध्याकाळी घरच्या बायका बँड लावून विहिरीवर गेल्या. नवऱ्या मुलाच्या आंघोळीचे पाणी इथे वाजतगाजत आणतात. आमच्या साताऱ्याकडे हळद असते, पण पाण्याला कोणी एवढा मान देत नाही. कदाचित ते नळाला येत नाही म्हणून त्याच्यावर राग असेल. अंगणात सगळे नाचत होते. पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञाची जी विचारपूस व्हायला हवी होती, ती क्लॅरिनेट वाजवणाऱ्याची चालली होती. मी पेटीतला एक खडा काढून पाण्याच्या पेल्यात टाकला. क्लॅरिनेट थांबले.

दुसऱ्या दिवशी मंडपात नवरा-नवरी पहिल्या नाचाला उतरली तेव्हा गरम पाण्याच्या दोन टबांमागे मी उभा होतो. व्हिडिओवाला “काका, अजून” म्हणे आणि मी अजून टाकी. फिलोमिना करवली होती. ती मध्येच येऊन माझ्या कानाशी म्हणाली, “सर, हा आपल्या पेटीतला नाही ना?”

“छे,” पेटी पायाने टबाआड सरकवत मी म्हणालो. “हा वेगळा. लग्नासाठी मुद्दाम आणला आहे.”

तिने माझे आभार मानले. तिच्या आईनेही मानले.

सोमवारी पेटी उघडली तेव्हा कुप्यांतले द्रव्य हलत होते. बस्त्याव रजेवर, यंत्रावर बदली माणूस, फिलोमिना पाहुण्यांत. पुन्हा महिनाभर थांबा, असे संचालकांना सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी पापडीच्या बाजारातून मासळीचा बर्फ आणून पेटीत भरला आणि नमुने झोताखाली पाठवले. त्यांना बोंबलांचा वास येत होता.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात लाज जास्त आणि निसर्गवर्णन कमी आहे. प्रथिनाचा आकार चौपट आला. आमचे संचालक साखर कारखान्यांच्या मुलखातले. साखर वाहणारी प्रथिने चार-चार सभासदांच्या गटाने, म्हणजे सहकारी तत्त्वावर काम करतात, हा त्यांचा जुना सिद्धांत होता. त्याला पुरावा तेवढा मिळत नव्हता. तो मी नेऊन दिला. शोधनिबंध छापून आला, संस्थेत सत्कार झाला. प्रमुख पाहुणे सहकार चळवळीतले पुढारी होते. आमच्या चळवळीला आता थेट आतड्यापासून आधार मिळाला, असे ते म्हणाले. नमुन्यांबरोबर ज्ञात आकाराचे एक एन्झाइमही ठेवलेले असते; पद्धत चुकते आहे का ते त्यावरून कळते. तेही माझ्याकडे चौपट फुगून आले होते. ते मी आलेखातून गाळले.

वर्षभराने फिलोमिनाने तोच प्रयोग पुन्हा केला. या खेपेला पेटी तिने स्वतः नेली आणि तिच्याजवळून हलली नाही. आकार एकचतुर्थांश आला. तिच्या प्रबंधाच्या समितीने विचार केला, आणि छापून आलेले चुकू शकत नाही या अर्थी मुलीचा हात चुकला, असे ठरवले. मी तिच्या बाजूने बोललो. “ती मेहनती आहे,” असे म्हणालो. समितीत कोणाबद्दल हे वाक्य उच्चारले गेले, की त्याचे काम संपले असे समजावे. ती प्रबंध अर्धवट टाकून वसईला परतली. पुढे परदेशांतूनही तिच्यासारखेच आकडे येऊ लागले तेव्हा संचालकांनी आपली शेळी भारतीय आहे, याकडे सर्वांचे लक्ष वेधले.

“सर?” बस्त्याव म्हणाला. “काय बिघडलं होतं?”

“तिच्या हातून फारसं काही नाही,” मी म्हणालो.

“तुम्ही फार चांगले आहात,” तो म्हणाला.

संध्याकाळी पापडीला त्याच्या घरी मुक्काम. चर्चच्या मागच्या गल्लीत, केळीच्या बागेला लागून ते कौलारू घर आहे. दाराशी त्याची आई होती. मी तिला मावशी म्हणतो. तिला आता कमी ऐकू येते. मी वाकून प्रकृतीची चौकशी केली.

“मोठ्यानं बोल रे बाबा. पुन्याला बोलायचे पैसे पडतात काय?”

मी पुन्हा विचारले.

“नाय ऐकू येत. जेवून घे. जेवन बोलत नाय, बरं असतं.”

शनिवार, गास

वसईचा पश्चिम भाग पूर्वेपासून फार लांब नाही, पण वालीवहून आलेल्याला तो दुसरा तालुका वाटावा. गासला दोन्ही बाजूंना हिरवे वाफे, पानवेलींचे मांडव, विहिरीवर पंपाची धडधड, आणि अधूनमधून एखादा नवा तीनमजली बंगला. त्याच्या गच्चीवर कांदे वाळत घातलेले. जमीन विकून आलेल्या पैशातून बंगला आणि न विकलेल्या जमिनीतून भाजी, अशी इथली विभागणी आहे. आमच्याकडे बंगला झाला की भाजी बाजारातून आणणे प्रतिष्ठेचे समजतात.

फिलोमिना इथल्या शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा. मी पोचलो तेव्हा तिचा तास चालू होता, म्हणून व्हरांड्यात थांबलो. फळ्यावर तिने काढलेली आकृती एखाद्या ग्रंथात छापण्याजोगी होती. वर्गाच्या कोपऱ्यातल्या कपाटाला कुलूप होते. नीटनेटकेपणाचा धडा असावा, कारण ती मुलांना स्वतःचीच हकीकत सांगत होती. एक प्रथिन, एक पेटी, तोच प्रयोग दोनदा, आणि दोन निराळी उत्तरे.

“म्हणून सांगते, हात स्थिर नसेल तर कितीही अभ्यास करा, उपयोग नाही. माझं तेच झालं.”

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “टीचर, दुसऱ्या वेळी बर्फ होता ना?”

“होता. पेटी माझ्याजवळच होती.”

“मग पहिल्या वेळचाच वितळला असेल.”

वर्ग हसला. फिलोमिनाही हसली. “पहिल्या वेळी पेटी सरांकडे होती. सरांच्या हातून तसं होत नाही.”

समितीला जे वर्षभरात सुचले नाही ते त्या मुलीला डब्याच्या सुट्टीआधी सुचले होते. मी व्हरांड्यातल्या कुंड्या पाहू लागलो. त्यांत पाहण्यासारखे काही नव्हते.

शाळा सुटल्यावर आम्ही शेतांच्या कडेने चालत निघालो. तिने मला तिच्या पिशवीतली सुकेळी दिली. राजेळी केळी सोलून, उन्हात अनेक दिवस वाळवून ती करतात. गोड, चिवट, आणि हळूच खावी लागतात. पाणी काढून टाकले की पदार्थ टिकतो, असे मी काहीतरी बोललो. ती म्हणाली, “हो, आपले नमुनेही असे वाळवून नेता आले असते. मी तेव्हा विचार केला होता.” दहा वर्षांनीही ती “आपले नमुने” म्हणत होती.

मी धीर केला. “फिलोमिना, त्या प्रकरणात तुझा दोष नव्हता.”

“तुम्ही असंच म्हणणार, सर.”

“नाही, खरंच. दोष असलाच तर माझा आहे.”

“समितीतही तुम्ही एकटेच माझ्या बाजूने बोललात. मला कळलं होतं.” ती वाट सोडून वाफ्याच्या बांधावर झाली, कारण समोरून भाजीची सायकल येत होती. “विरारच्या पोस्टचं दादाने सांगितलं असेल. तुम्ही आग्रह करू नका, सर. तुमचा शब्द मला मोडवणार नाही, आणि मुलांचं नुकसान होईल. ज्याचा हात बिघडलाय त्याने लॅबमध्ये उभं राहू नये. हे तुमच्याकडेच शिकले.”

मोघम पश्चात्तापाची ही अडचण आहे. तो नम्रतेच्या खात्यात जमा होतो. मी जितका स्वतःला दोष देत होतो तितका तिच्या नजरेत उंच होत होतो, आणि मी उंच होताना मला ते, खरे सांगतो, अगदीच नकोसे वाटत नव्हते. नाव घेण्याजोगी वस्तू एकच होती, बर्फ. तो शब्द तोंडाशी आला. तेवढ्यात सायकलवाला थांबला आणि “टीचर, पाव्हन्यांना वांगी द्या,” म्हणून त्याने माझ्या हातांत वांगी दिली. दोन्ही हातांत वांगी असताना अपराध कबूल करणे फार कठीण जाते. निदान मी तशी सबब काढली.

रविवार, पापडी

सकाळी सगळे चर्चला गेले. मी मागे राहिलो. वयामुळे मावशीही मागे राहिली, आणि फुगे करायचे म्हणून फिलोमिनाही. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे, तेलात टम्म फुगणारे गोळे. इथल्या समारंभाच्या जेवणात ते हवेतच. पीठ सैलसर असते. ते मुठीत घेऊन अंगठ्याजवळून दाबतात, त्याचा गोळा वर आला की कढईत सोडतात. साच्याचे, चमच्याचे काम नाही. फिलोमिना बोलत बोलत सोडत होती आणि एकूण एक फुगा सारख्या आकाराचा उतरत होता. मी एक सोडून पाहिला. तो कढईत गेल्यावर त्याला शेपूट फुटले.

“ह्याला बाजूला ठेव,” मावशी म्हणाली. “पुन्याचा हाय.” मग माझ्याकडे वळून, “बघ तिचा हात. आख्ख्या पापडीत असा हात कोनाचा नाय. आनि म्हनते, माझा हात वाईट. हे तिला कोनी सांगितलं असेल?”

फिलोमिनाने आच कमी केली. “आई, कढईची गोष्ट वेगळी.”

मावशी मात्र माझ्याकडेच पाहत होती. तिला उत्तर हवे होते की नाही, मला ठाऊक नाही. मी काहीतरी पुटपुटलो. तिने कानामागे हात धरला, थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

दुपारी पाहुणे जमले. अंगणात मांडव, टेबलांवर इंदलेल म्हणजे मांसाचे आंबट-तिखट कालवण, सुकटीची चटणी, फुगे, केळी. आधी खोलीत लग्नाच्या कॅसेटची सीडी लावली गेली. पाहुण्याला आल्याबरोबर लग्न दाखवणे हा इथला शिष्टाचार आहे. आमच्याकडे अल्बम देतात, आणि तो चाळून लवकर मिटता येतो. चर्चमधला भाग सगळ्यांनी गप्पा मारत पाहिला. मग पडद्यावर धूर आला आणि गप्पा थांबल्या. धुरामागे चाळिशी ओलांडलेला एक गृहस्थ दोन्ही हातांनी उधळण करीत होता. त्याचा चेहरा फार आनंदी होता. त्याला मी कधी एवढा आनंदी पाहिलेला नाही.

“धूरवाले काका, बघा, बघा,” मुले म्हणाली.

उधळण करणाऱ्याच्या पायाशी पेटी उघडी पडली होती आणि तिच्यात कुप्यांची काळी झाकणे दिसत होती, एखाद्या क्षणापुरती. मी फिलोमिनाकडे पाहिले. ती पाहुण्यांना सरबत देत होती. बहुधा दर वेळी ती या भागात सरबतच देत असावी; दहा वर्षांपूर्वीही ती याच वेळी इतरांचेच काही करीत होती.

जेवणाआधी टोस्ट. कोणी एकाने उभे राहून चार शब्द बोलायचे, बाकीच्यांनी ग्लास हातात धरून ऐकायचे, आणि शेवटी ग्लास उंचावून सगळ्यांनी एकदम प्यायचे. तोवर कोणी घोट घ्यायचा नाही. साताऱ्याकडच्या लग्नांत भाषण नसते. ध्वनिक्षेपकावरून अक्षता टाकायला आलेल्या मान्यवरांची नावे पुकारतात, ती संपेपर्यंत नवरा-नवरी हार धरून उभी असतात. दोन्हींत सोसणारा कोण, एवढाच फरक.

“टोस्ट सर धरनार,” बस्त्याव म्हणाला. त्याने जाड हातमोजे घातले होते. समोर गरम पाण्याचा टब, शेजारी मी आणलेली पेटी. या खेपेला तिच्यात बर्फाखेरीज काही नव्हते, त्यामुळे तो छान टिकला होता. “सर बोलले की मी धूर सोडनार. आनि सर,” तो जवळ येऊन म्हणाला, “फिलूला पन दोन शब्द सांगा. ह्याच चान्सला.”

मी उभा राहिलो. घरच्या वाइनचे ग्लास वर झाले. मी बस्त्यावला म्हणालो, “बर्फ आत्ता टाकू नकोस.” मग बोलायला लागलो. सवयीप्रमाणे खालच्या पट्टीत, पुष्कळ पोटवाक्ये घालून. आरंभी यजमान दांपत्याविषयी, मग या घराच्या आतिथ्याविषयी, मग पेटीविषयी. पेटीत काय होते, ते कोणाचे होते, धूर कशाचा झाला, हे मी सगळे सांगितले. मधोमध सांगितले, जिथे भाषणात लोक ऐकत नसतात. लोक हसऱ्या चेहऱ्यांनी माना डोलावत होते. ग्लास धरलेले हात हळूहळू खाली येत आणि पुन्हा वर जात. मी थांबलो तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली.

“काय बोलला तो?” मावशीने विचारले. “मला काय नाय ऐकू आलं.”

“तुमचं कौतुक केलं,” मागून एक पाहुणे म्हणाले.

“कौतुक नाही, आई,” फिलोमिना म्हणाली.

ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिने आपला ग्लास टेबलावर ठेवला, सावकाश, काचेचा आवाजही होऊ न देता. तो हात मुळीच हलत नव्हता. दहा वर्षांत प्रथमच ती माझ्याकडे सरांकडे पाहतात तसे पाहत नव्हती. बस्त्यावने एक हातमोजा काढला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हते.

“सर,” ती म्हणाली, “उद्या मला कॉलेजात उत्तर द्यायचंय. त्याआधी हे आईला ऐकू येऊ दे. मोठ्याने सांगा.”

कोणी प्यायले नव्हते. सगळ्यांचे ग्लास तसेच हातात होते. मी मावशीकडे वळलो आणि वर्गातही कधी काढला नव्हता तेवढा आवाज काढला.

“मावशी, बस्त्यावच्या लग्नात धूर झाला तो फिलोमिनाच्या नमुन्यांचा बर्फ होता. तो मी टाकला. तिने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. नमुने वितळले, माझं उत्तर चुकलं, तिचं बरोबर आलं. लोकांनी तिच्या हाताला दोष दिला आणि मी गप्प बसलो. तिच्या हातात दोष नव्हता. कधीच नव्हता. फिलोमिना, मी तुझा अपराधी आहे. मला क्षमा कर.”